चार पातेल्यांचा अट्टहास

आमच्या समाजात घराची प्रतिष्ठा मोजण्याची जी अनेक मापे आहेत, त्यांपैकी एक माप शेगडीवर चढणाऱ्या पातेल्यांचे आहे. ज्या घरी रात्रीच्या जेवणाला भात, कालवण, सुकी भाजी आणि गरम चपात्या अशा चारही गोष्टी होतात, ते घर ‘व्यवस्थित’ ठरते. ज्या घरी एकच कढई चढते, त्या घराविषयी ‘तिकडे काय, उरकून टाकतात’ असे म्हटले जाते. हे उरकून टाकणारे माणूस कोण, ते बोलून दाखवण्याची गरज कोणालाच भासत नाही. ते त्या घरच्या सुनेकडे बोट असते. आम्हांला आज या मापाविरुद्ध लिहायचे आहे. नोकरीधंद्याच्या दिवशी रात्री चार पातेल्यांचे जेवण रांधणे हा आमच्या कुटुंबांनी आपणहून ओढवून घेतलेला अट्टहास आहे. तो सोडावा आणि त्याच्या जागी एका कढईत शिजणारे, सॉसेज आणि भाज्यांसारखे साधे जेवण संकोच न बाळगता आणावे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. या म्हणण्याला एक अट जोडलेली आहे. ती पुढे येईलच. तिच्यावाचून हा सारा खटाटोप व्यर्थ आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. वसई, नालासोपारा, विरार या भागांतून आमच्या शेकडो भगिनी रोज हे अंतर लोकलने कापतात, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आणली. महिलांच्या डब्यात संध्याकाळी कोणी डोकावले तर काय दिसते? कोणी मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत असते, कोणी फरसबीच्या शिरा काढत असते, कोणी मेथी निवडत असते. वर्तमानपत्रांतून या दृश्याचे कौतुक छापून येते, छायाचित्रेही येतात. आम्हांला मात्र त्यात कौतुक करण्यासारखे फारसे दिसत नाही. आठ तासांची नोकरी संपवून निघालेल्या बाईचा स्वयंपाक अंधेरी-बोरिवलीच्या दरम्यानच सुरू होतो, कारण घरी पोहोचल्यावर तो आटोपणार नाही हे तिला ठाऊक असते. याला कौतुक म्हणावे की आमच्या घरांवरचा आरोप म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशी बाई घरी येते तेव्हा पावणेआठ वाजलेले असतात. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात शिरते. कुकर लावणे, कालवणाचे वाटण करणे, भाजी फोडणीला घालणे आणि कणीक मळणे यांत सव्वा-दीड तास सहज जातो. साडेनऊला पाने मांडली जातात. आता खरी गोष्ट पाहा. घरातली मंडळी जेवायला बसतात आणि ती तव्यापाशी उभी राहते, कारण चपाती गरम हवी. सर्वांना चपाती गरम मिळायची असेल तर एकाला उभे राहावेच लागते. हा साध्या हिशेबाचा भाग आहे आणि तो ‘एक’ कोण, हे आमच्या घरांत कधी चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. सगळ्यांचे होता होता दहा वाजतात. मग ती उरलेले घेऊन बसते, त्यानंतर भांडी, आणि सकाळी डब्यांसाठी पुन्हा पाचला उठणे. पंगतीत तिची जागा असते. ती जागा भरलेली मात्र क्वचितच दिसते.

हे आम्ही भावनेच्या भरात लिहीत आहोत असे कोणी म्हणू नये, म्हणून आकडे देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींना चोवीस तासांचा हिशेब विचारण्यात आला. घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष शंभरात २६. जे करतात, त्यांतील स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे या कामात घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे शंभर पुरुषांतील सुमारे ७४ जणांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता आणि ज्यांनी लावला त्यांचे काम स्त्रियांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरले. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, परंतु आमची घरे या देशाबाहेर नाहीत.

‘परंतु आपली रीत आहे,’ असे उत्तर येते. कोणती रीत? घरातल्या वृद्ध मंडळींना एकदा शांतपणे विचारून पाहावे. शेतावर किंवा वाडीत दिवसभर राबून आलेल्या आमच्या आजी-पणजीच्या घरी रोज रात्री काय शिजत असे? भात किंवा तांदळाची भाकरी, आणि तिच्याबरोबर एक कालवण. कधी सुक्या बोंबलाचे, कधी वाडीतल्या वांग्याचे किंवा वालाच्या शेंगांचे. त्या कालवणातच बटाटा पडे, त्यातच शेंग पडे, त्यातच मूठभर सुकट पडे. एका भांड्यात भाजी, मासळी आणि रस्सा एकत्र शिजवणे ही कष्टकरी घराची जुनी शहाणी रीत होती. इंद्याल, सोरपोतेल, फुगे हे सणाचे, लग्नाचे आणि पाहुण्यांचे पदार्थ. त्यांच्यासाठी घरात चार बायका जमत, दोन दिवस आधीपासून मसाला वाटला जाई. सणाच्या स्वयंपाकाचे माप मंगळवारच्या रात्रीला लावणे ही अलीकडची गोष्ट आहे. त्यात गंमत अशी की, चार बायकांऐवजी आता एकच उरली आहे आणि तीही आठच्या सुमारास घरी पोहोचणारी.

दुसरा आक्षेप सॉसेजवर घेतला जातो. ‘हे साहेबी खाणे आहे, आपल्या घरात कशाला?’ या आक्षेपातील अज्ञान मनोरंजक आहे. हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा पाव खाता खाता तो घेतात. पाव हा शब्द पोर्तुगीज, बटाटा हा शब्द पोर्तुगीज, कोबी हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. बटाटा आणि मिरची ही दोन्ही पिके मुळात अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ती आपल्या किनाऱ्याला लावली. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसईवर, आणि १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात त्यांचा अंमल होता. त्या काळात आमच्या चुलीने त्यांच्याकडून पुष्कळ घेतले आणि घेतलेले आपल्या हाताने बदललेही. गोव्याचे चोरीस हे त्याचे उत्तम उदाहरण. पोर्तुगालातील मूळ पदार्थात द्राक्षांची दारू पडे. गोव्यात तिच्या जागी माडीचा शिरका आला. लाल सुकी मिरची, लसूण, आले, मिरी, दालचिनी आणि लवंग त्या शिरक्यात वाटून डुकराच्या मांसाच्या तुकड्यांना चोळायची, ते आतड्यात भरून दोऱ्याने बांधायचे, उन्हात वाळवायचे आणि धुरावर धरायचे. पावसाळ्यात ताजी मासळी नसे तेव्हा घरात टिकणारे अन्न हवे, या गरजेला असे पदार्थ उपयोगी पडत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. लहान मण्यांच्या माळेला तर जपमाळेचेच नाव पडले आहे. ज्या वस्तूत आमचा माड, आमची मिरची आणि आमचे ऊन आहे, तिला परकी म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. धर्मगुरूने पाककृती सांगावी याचे काहींना हसू येईल, खुशाल यावे. ज्या गोष्टीचा आग्रह धरायचा ती करता येते की नाही, हे दाखवणे आग्रह धरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पाच माणसांच्या घराला चोरीस २०० ग्रॅम पुरते. बटाटे ४०० ग्रॅम, कांदे दोन मोठे, गाजरे २००, फरसबी पाव किलो आणि कोबी ३०० ग्रॅम घ्यावा. भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचे असावे. चोरिसात शिरका असतो आणि आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा साध्या लोखंडाच्या भांड्यात शिजवला तर त्याला धातूची चव येते. घरात पाऊल टाकताच बटाट्याच्या बोटभर जाडीच्या फोडी आणि गाजरे दीड कप पाण्यात घालून कढई गॅसवर ठेवावी आणि वर झाकण घालावे. बटाटा आधी टाकण्यास कारण आहे. शिरक्याच्या आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही. चोरिसाबरोबरच तो टाकला तर अर्ध्या तासानेही मध्ये कडक राहतो आणि मग ‘ही पद्धतच वाईट’ असा निकाल दिला जातो. बटाटा अर्धवट शिजेपर्यंत दहा मिनिटे जातात. तेवढ्यात चोरिसाचा दोरा आणि वरचे आतडे काढून टाकावे, आतले मांस मोकळे करावे, कांदा उभा चिरावा.

दहा मिनिटांनी मांस, कांदा आणि फरसबी कढईत घालून पुन्हा झाकण ठेवावे आणि आच मंद करावी. चोरीस कच्चे असते, म्हणून ते या वाफेवर पुरते शिजले पाहिजे. त्याला पंधरा मिनिटे द्यावीत. या वेळात चरबी सुटते, तिच्याबरोबर तिखट आणि मसाला उतरतो आणि सर्व भाज्यांना तांबूस रंग चढतो. शेवटी कोबी घालून पाच मिनिटे झाकण ठेवावे, नंतर झाकण काढून उरलेले पाणी आटवावे. तेल घालायचे नाही, चोरिसाची चरबी पुरते. मीठही चव घेतल्याशिवाय घालायचे नाही. चोरिसातच ते भरपूर असते. वेगळे वाटण नाही, फोडणी नाही. सगळे मिळून पस्तीस-चाळीस मिनिटे, आणि त्यांतील प्रत्यक्ष उभे राहण्याची पंधरा. कढई टेबलाच्या मध्यभागी ठेवावी, शेजारी पाव ठेवावेत आणि घरातील प्रत्येकाने एकाच वेळी बसावे. तवा पेटलेलाच नसल्यामुळे कोणाला त्याच्यापाशी उभे राहावे लागत नाही. या जेवणाचा सर्वांत मोठा गुण आमच्या मते हाच आहे, आणि चव त्यानंतर येते.

आरोग्याचा मुद्दा राहिला. तो आम्ही टाळणार नाही, कारण तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिने नमूद केले. खारवलेले आणि धुरावलेले मांस या व्याख्येत येते; गोव्याचे म्हणून चोरिसाला त्यातून सूट मिळत नाही. म्हणूनच वर दिलेले प्रमाण लक्षपूर्वक पाहावे. पाच जणांत २०० ग्रॅम म्हणजे माणशी ४० ग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. याउलट बटाटा सोडून उरलेल्या भाज्या माणशी सुमारे १९० ग्रॅम होतात. फळे व भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिचा जवळजवळ अर्धा वाटा या एका ताटात येतो. म्हणजे या कढईत सॉसेजचे काम हिंगासारखे आहे. चव त्याची, पोट भाज्यांनी भरायचे. जी मंडळी फ्रीजमधून गोठवलेल्या सॉसेजची पाकिटे काढून पोरांना आठवड्यातून चार दिवस तळून घालतात आणि त्याला ‘सोय’ म्हणतात, त्यांच्याशी आमचे काही नाते नाही. आमचा लेख त्यांच्या समर्थनार्थ वाचला जाऊ नये. ज्या घरात रक्तदाबाचे रुग्ण आहेत तेथे चोरीस निम्मे करावे किंवा त्यांच्यासाठी दुसरा वार निवडावा.

कारण वारांना तोटा नाही. कढईची युक्ती सॉसेजवर अवलंबून नाही. एक दिवस चोरीस, एक दिवस बटाटे-वाटाणे शिजवून त्यावर फोडलेली अंडी, एक दिवस भिजवलेली चवळी आणि भोपळा, एक दिवस सुका जवळा, कांदा आणि वांगी. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची ख्रिस्तसभेची शिस्त १९८३ च्या धर्मनियमसंहितेतही कायम आहे. बिशप परिषदांना तिच्याऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवून देण्याची मुभा आहे. जी घरे शुक्रवार पाळतात त्यांनी जवळ्याची कढई शुक्रवारी ठेवावी आणि प्रायश्चित्तकाळात चोरिसाची माळ खुंटीलाच राहू द्यावी. तेवढ्याने एका कढईचे जेवण मोडत नाही. उलट ते मुळात कोणाचे जेवण होते, याची आठवण होते.

आणखी एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे असे की, एवढी यातायात कशाला, मोबाईलवर बोट ठेवले की अर्ध्या तासात जेवण दारात येते. एखाद्या दिवशी येऊ द्यावे. माणूस आजारी असेल, गाड्या बंद पडल्या असतील, तेव्हा त्यात वावगे काही नाही. परंतु हे नित्याचे झाले की काय होते ते आम्ही आमच्या धर्मग्रामातील घरांत पाहतो. मुलगा त्याचे मागवतो, मुलगी तिचे मागवते, दोघांचे डबे वेगवेगळ्या वेळी येतात, दोघे वेगवेगळ्या खोल्यांत खातात आणि आजी-आजोबांसाठी आई पुन्हा भात टाकतेच. पैसे गेले, पंगत गेली आणि पातेलेही सुटले नाही. मध्यभागी एक कढई असली की सर्वांना तिच्याभोवती यावे लागते, इतका साधा हा प्रश्न आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. तो आमच्या भगिनींनीच, महिलांच्या एका बैठकीत, आमच्या तोंडावर घेतला. एक भगिनी म्हणाल्या, ‘फादर, कुकर आला तेव्हाही आमचा वेळ वाचणार होता. मिक्सर आला, गॅस आला, फ्रीज आला. प्रत्येक वेळी वाचलेल्या वेळात आमच्यावर नवे काम आले. आता तुम्ही कढई आणलीत. ती घासणार कोण?’ सभेत हशा पिकला. परंतु तो आनंदाचा हशा नव्हता, हे ऐकणाऱ्याला कळत होते. त्या भगिनींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. सोप्या केलेल्या कामाचा धनी बदलला नाही, तर सोय ही ओझे नेणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली मऊ उशी ठरते. ओझे तेथेच राहते, फक्त ते अधिक काळ वाहता येते.

म्हणूनच आरंभी सांगितलेली अट. या जेवणाचा नियम असा असावा: जो आधी घरी येईल त्याने कढई ठेवावी, आणि ज्याने ठेवली नाही त्याने ती घासावी. यात नवऱ्याला सूट नाही, कॉलेजातल्या मुलाला नाही, निवृत्त होऊन दुपारभर दूरदर्शनसमोर बसणाऱ्या सासऱ्यांनाही नाही. गुडघे दुखत असले तरी फरसबी बसून निवडता येते. चार पातेल्यांचा स्वयंपाक शिकायला वर्षे लागतात, असे सांगून पुरुषवर्ग आजवर सुटत आला. बटाटे आधी, मांस नंतर, कोबी शेवटी एवढे तीन टप्पे ज्याच्या लक्षात राहत नाहीत, अशा पुरुषाने आपण कचेरीत कोणते काम सांभाळतो हे एकदा आठवून पाहावे. एका कढईच्या जेवणाचे सामाजिक मोल येथे आहे. ते इतके सोपे आहे की ‘मला येत नाही’ ही सबब त्याच्यापुढे टिकत नाही.

विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरांत आम्ही तरुणांशी बोलतो. वधूला काय काय येते, याची चौकशी मुलाकडची मंडळी बारकाईने करतात. वराला काय येते, असे विचारले तर सगळे हसतात; जणू प्रश्न विनोदासाठीच केला होता. लग्न ठरलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, संगणकावर मोठमोठी कामे करणारा तरुण अभिमानाने सांगतो, ‘मला चहासुद्धा येत नाही.’ या अभिमानाचे मूळ कोठे आहे? ते त्याच्या आईच्या लाडात आहे असे म्हणून बापाला मोकळे सोडू नये. ज्या मुलाने आपल्या बापाला कधी कढईपाशी पाहिले नाही, त्याला ती आपली जागा आहे असे वाटेलच कसे?

‘फादर, तुमचे ताट तर आयते येते,’ असेही कोणी म्हणेल. रास्त आहे. धर्मग्रामाच्या निवासात स्वयंपाकी असतो आणि आम्ही बहुतेक दिवस त्याच्या हातचे खातो. तो आठवड्याच्या सुट्टीवर गेला की हीच कढई आम्ही ठेवतो. वर दिलेली कृती त्या दिवसांची आहे. परंतु आमचे उदाहरण बाजूला ठेवले तरी प्रश्नाचे वजन घटत नाही. बोलणाऱ्याचे ताट कोण वाढते यावरून बोलणे खोटे ठरत असेल, तर आपल्या समाजातील कोणत्याच पुरुषाला या विषयावर तोंड उघडता येणार नाही आणि सोयीस्कर मौन तेवढे शिल्लक राहील.

एक शब्द वाचलेल्या वेळाविषयी. रोज तासभर वाचला तर त्या तासाचे काय करावे, यावर लगेच उपदेश सुरू होतात. मुलांचा अभ्यास घ्यावा, सासूबाईंचे पाय चेपावेत, समाजकार्य करावे. आमची विनंती आहे की तो तास त्या बाईचा आहे, तिला त्याचा हिशेब विचारू नये. तिने वाचावे, शेजारणीशी बोलावे, काहीही न करता खिडकीत बसावे किंवा अर्धा तास आधी झोपावे. धर्मग्रामाच्या समित्यांसाठीही तो तास कोणी मागू नये, आमच्यासह.

रविवार आणि सण यांच्यावर आमचे आक्रमण नाही. रविवारी मिस्सेनंतर सगळे घरी असतात, हात पुष्कळ असतात, वेळ असतो. तेव्हा इंद्याल व्हावे, फुगे व्हावेत, पातेली चार काय सहा चढावीत. मात्र तेव्हाही किती हात कामाला लागले आणि किती जण फक्त ताटावर बसले, हे मोजावे. सोमवारपासून पुन्हा एक कढई. सुरुवात म्हणून रविवारी दुपारी आठवड्याच्या भाज्या सर्वांनी मिळून निवडून ठेवाव्यात. दोघा-तिघांनी बसले तर अर्धा-पाऊण तासाचे काम आहे. तसे झाले तर बुधवारी संध्याकाळी विरार लोकलमध्ये बसलेल्या आमच्या भगिनीच्या मांडीवर फरसबीची पिशवी असणार नाही.

शेवटी, घराच्या प्रतिष्ठेचे माप हवेच असेल तर आम्ही एक सुचवतो. आज रात्री जेवताना पातेली मोजू नका; माणसे मोजा. घरात जितकी माणसे आहेत तितकी सगळी, त्या घरच्या बाईसकट, एकाच वेळी बसलेली असतील, तर कढईत सॉसेज असो की नुसता भोपळा, ते घर व्यवस्थित आहे. एक जागा रिकामी असेल आणि तिची धनीण तव्यापाशी उभी असेल, तर जेवण सुरू करू नका. तवा बंद करा, तिला बसवा, आणि उद्या कढई कोण ठेवणार ते तेथेच ठरवा.